फ्रेंचमधील भूतकालीन सब्जंक्टिव्ह : एक पाठ आणि एक कबुली

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असा निरोप आला, तेव्हा चिटणीसांनी विषयाचे बंधन घातले नव्हते. ट्रस्टचा इतिहास, वसतिगृह, देणगीदारांचे औदार्य यांविषयी इतर लेखक लिहितीलच. आम्ही पडलो शाळामास्तर; आमच्या पोतडीत पाठाखेरीज दुसरे काय असणार? म्हणून एक पाठच वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय फ्रेंच व्याकरणातला आहे एवढे पाहून कोणी पान उलटू नये. ट्रस्टच्या रविवारच्या मोफत वर्गात आम्ही ही भाषा काही वर्षे शिकवीत आलो आहोत. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची मुलेमुली तेथे बसून गेली आहेत. आणि या एका पाठापायी त्या वर्गातील एका मुलीचे आम्ही देणे लागतो. ते फेडण्यास ही जागा योग्य वाटली.

फ्रेंच ही भाषा हैदराबादकरांस अगदीच परकी आहे असे नव्हे. निजामाच्या पदरी असलेला फ्रेंच सेनापती रेमों हा १७९८ साली येथेच वारला. त्याची कबर मलकपेठ भागात आहे, आणि मुसारामबाग हे नाव 'मस्यो रेमों' या संबोधनाच्या अपभ्रंशातून आले असे सांगतात. रेमोंची फौज केव्हाच पांगली. परंतु शाळा-महाविद्यालयांतून दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून फ्रेंच घेणारी मुले आज पुष्कळ आहेत. पहिली दोन वर्षे सुखाची जातात. नंतर सब्जंक्टिव्ह येतो, त्यापाठोपाठ त्याचे भूतकालीन रूप येते, आणि चांगली हुशार मुलेसुद्धा अडखळतात. या रूपाचे फ्रेंच नाव 'स्युब्झोंक्तीफ पासे' असे आहे. ते बनते कसे, वापरावयाचे कोठे, आणि त्याच्या मागे विचार कोणता आहे, एवढेच या पाठात पाहावयाचे आहे.

उच्चारांविषयी दोन शब्द

फ्रेंच शब्द येथे देवनागरीत लिहिले आहेत. 'झ' हा इंग्रजी 'मेझर' या शब्दातल्यासारखा म्हणावा. नुक्ता दिलेला 'ज़' हा 'ज़मीन', 'नमाज़' या शब्दांतला. तो आपल्या शहरात कोणास शिकवावा लागत नाही. 'ओं', 'आं', 'ॲं' हे स्वर नाकातून सोडावेत, शेवटी न् किंवा म् वाजू देऊ नये. 'त्यू', 'वन्यू' यांतला 'यू' म्हणताना ओठ शिटी वाजविताना करतो तसे करून 'ई' म्हणावी, म्हणजे उच्चार जवळपास साधतो.

रूप कसे बनते

रूपाची बांधणी सोपी आहे. एक साहाय्यक क्रियापद घ्यावयाचे, ते वर्तमान सब्जंक्टिव्हमध्ये चालवावयाचे, आणि त्याच्यापुढे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित ठेवावयाचे. साहाय्यके दोनच : 'आव्वार' (जवळ असणे) आणि 'एत्र' (असणे). बहुतेक क्रियापदे 'आव्वार' घेतात. 'पार्ले' म्हणजे बोलणे. त्याचे धातुसाधितही कानाला 'पार्ले' असेच लागते. त्याची सहा रूपे अशी :

मी — क झे पार्ले
तू — क त्यू ए पार्ले
तो — कील ए पार्ले
आम्ही — क नू ज़ेयों पार्ले
तुम्ही — क वू ज़ेये पार्ले
ते — कील ज़े पार्ले

आरंभीचा 'क' म्हणजे आपला 'की' समजावा. ही रूपे सहसा या 'की'च्या आश्रयानेच येतात, म्हणून ती त्याच्यासह पाठ करण्याची रीत आहे. चार ठिकाणी साहाय्यक क्रियापदाचा उच्चार नुसता 'ए' आहे; लिहिताना मात्र त्याची अक्षरे वेगवेगळी होतात. कानावर भरवसा ठेवणारा विद्यार्थी श्रुतलेखनात येथेच फसतो.

जाणे, येणे, पोहोचणे, निघणे, आत शिरणे, बाहेर पडणे, जन्मणे, मरणे, राहणे, पडणे अशी सुमारे पंधरा-सोळा क्रियापदे, आणि 'स्वतः' या अर्थाचे सर्वनाम घेऊन चालणारी सर्व क्रियापदे, 'एत्र' घेतात. 'वनीर' म्हणजे येणे. त्याचे धातुसाधित 'वन्यू' :

मी — क झ स्वा वन्यू
तू — क त्यू स्वा वन्यू
तो — कील स्वा वन्यू
ती — केल स्वा वन्यू
आम्ही — क नू स्वायों वन्यू
तुम्ही — क वू स्वाये वन्यू
ते — कील स्वा वन्यू

'एत्र' असेल तेव्हा धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. स्त्रीलिंगासाठी एक 'ई' अक्षर व अनेकवचनासाठी 'एस' अक्षर शेवटी लागते. 'वन्यू'मध्ये हा फरक फक्त कागदावर दिसतो. परंतु 'मूरीर' म्हणजे मरणे या क्रियापदात तो कानालाही कळतो : कील स्वा मॉर, केल स्वा मॉर्त. आपल्या मुलांस याचे नवल वाटण्याचे कारण नाही. 'तो आला असावा, ती आली असावी, ते आले असावेत' असे आपण रोजच म्हणतो.

'आव्वार' असेल तेव्हा कर्त्याप्रमाणे बदल होत नाही. परंतु कर्म आधी येऊन गेले असेल तर धातुसाधित त्या कर्माप्रमाणे बदलते. 'मी लिहिलेली ही सर्वांत सुंदर चिठ्ठी' हे फ्रेंचमध्ये 'से ला प्ल्यू बेल लॅत्र क झे एक्रीत' असे होते. चिठ्ठी स्त्रीलिंगी आणि ती आधी आली, म्हणून 'एक्री'चे 'एक्रीत' झाले. मराठीत 'मी चिठ्ठी लिहिली' असे म्हणताना क्रियापद चिठ्ठीच्या मागे जाते, ते कर्म कोठेही असले तरी. फ्रेंच भाषा तेवढीच गोष्ट एका अटीवर करते.

येथे कानासाठी एक खूण सांगून ठेवतो. 'कील ए' हे दोन अक्षरी बोल दोन वेगळ्या रूपांचे असू शकतात. 'कील ए पार्ती' (पार्तीर, निघून जाणे) यात 'ए' हे 'एत्र'चे साधे वर्तमान रूप आहे, सब्जंक्टिव्ह नव्हे. कारण 'पार्तीर' 'एत्र' घेते, आणि त्याचा सब्जंक्टिव्ह 'कील स्वा पार्ती' असा होईल. उलट 'कील ए पार्ले' यात 'ए' हे 'आव्वार'चे सब्जंक्टिव्ह रूप आहे. साधे रूप 'कील आ पार्ले' असे झाले असते. नुसता 'ए' ऐकून निर्णय करू नये. पुढचे क्रियापद कोणत्या घरचे आहे ते पाहून करावा.

ज्या नियमाने आम्हास फसविले

रूपे पाठ होतात. अडचण पुढेच असते : ती वापरावयाची केव्हा? आम्ही स्वतः विद्यार्थी असताना शिकलो, आणि पुढे वर्षानुवर्षे शिकविले, ते असे : "जेथे शंका तेथे सब्जंक्टिव्ह, जेथे खात्री तेथे स्वार्थ." स्वार्थ हा शब्द येथे मराठी व्याकरणातला आहे. आपल्या शालेय व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ सांगतात. त्यांतला स्वार्थ म्हणजे क्रियापद केवळ आपला स्वतःचा अर्थ सांगते ते, जसे 'तो आला'. वरील नियम सुटसुटीत आहे, फळ्यावर एका ओळीत मावतो आणि मुलांच्या लक्षात राहतो. एवढे गुण असलेला नियम खोटा असेल अशी शंका आम्हास कधी आली नाही.

काही वर्षांपूर्वी रविवारच्या वर्गाची वार्षिक चाचणी झाली. भाषेत पहिल्या येणाऱ्यास ट्रस्टतर्फे पुस्तकांचे पारितोषिक होते. चाचणीत एक वाक्य भाषांतराला दिले होते : 'तू आलीस याचा मला आनंद झाला आहे.' अपेक्षित उत्तर 'झ स्वी कोंतां क त्यू स्वा वन्यू' असे होते. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या एका मुलीने 'स्वा'च्या जागी साधे 'ए' लिहिले. आम्ही लाल रेघ मारून दोन गुण कापले. त्या दोन गुणांनीच तिचे पारितोषिक हुकले.

कागद परत मिळाल्यावर ती टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "सर, जेथे शंका तेथे सब्जंक्टिव्ह, असे तुम्हीच सांगितले होते. या वाक्यातली मैत्रीण आलेली आहे. ती समोर उभी आहे. मग शंका कसली?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही म्हणालो, "अगं, आनंद, दुःख, भीती यांच्यानंतर सब्जंक्टिव्हच येतो. ते पाठ करावयाचे असते." ती काही बोलली नाही, कागदाची घडी करून जागेवर जाऊन बसली. शिक्षकाच्या व्यवसायात काही वर्षे काढलेल्यांस ही घडी ओळखीची आहे. मूल विचार करीत होते. आपण त्याला थांबविले, एवढाच तिचा अर्थ.

मग खरे काय?

त्या रात्री आम्ही पुस्तके काढून बसलो. फ्रेंच वाक्ये एका बाजूस आणि त्यांची मराठी भाषांतरे दुसऱ्या बाजूस लिहीत गेलो. उत्तर फ्रेंच रकान्यात सापडले नाही, ते मराठी रकान्यात सापडले.

'तू आलीस' हे वाक्य एकटे म्हटले तर ती बातमी आहे. 'तू आल्याचा मला आनंद झाला' यात मात्र बातमी आनंदाची आहे, येण्याची नव्हे. येणे घडले आहे, दोघांसही ते ठाऊक आहे, परंतु बोलणारा ते सांगत नाही. ते मनात धरून त्याविषयी आपल्याला काय वाटते ते सांगतो. म्हणूनच मराठीने 'आलीस' या पूर्ण क्रियापदाचे 'आल्याचा' करून टाकले. क्रियापदाचा सांगण्याचा अधिकार काढून घेतला आणि त्याला आनंदाच्या पायाशी बसविले. फ्रेंच भाषा नेमके हेच काम 'स्वा वन्यू' या रूपाने करते.

तेव्हा खरा भेद शंका आणि खात्री यांचा नाही. तो सांगितलेली गोष्ट आणि मनात धरलेली गोष्ट यांचा आहे. गोष्ट शंकास्पद असेल तर ती सांगता येत नाही, म्हणून मनातच राहते. शंकेनंतर सब्जंक्टिव्ह येतो तो या कारणाने. पण घडलेली, डोळ्यांदेखत उभी असलेली गोष्टसुद्धा आनंदासाठी, खेदासाठी, भीतीसाठी मनात धरता येते. शंका हा त्या मोठ्या घराचा एक कोपरा. आम्ही कोपऱ्यालाच घर समजत होतो.

हे पारखण्यास एक घरगुती कसोटी आहे. वाक्य ऐकणाऱ्याने 'नाही, तसे नाही' म्हटले, तर तो नकार कशावर पडतो ते पाहावे. 'तो गेला असे मला वाटते' याला कोणी 'नाही' म्हटले, तर अर्थ होतो : तो गेलेला नाही. म्हणजे येथे 'वाटते' हे नाममात्र. बातमी जाण्याचीच आहे. फ्रेंचही येथे स्वार्थ वापरते : झ क्र्वा कील ए पार्ती. 'तू आल्याचा मला आनंद झाला' याला कोणी 'नाही' म्हटले, तर आनंद खोटा ठरतो. येण्याला धक्का लागत नाही. येथे सब्जंक्टिव्ह. आणि 'तो गेला असेल असे मला वाटत नाही' यात बोलणारा जाणे सांगतच नाही. म्हणून झ न क्र्वा पा कील स्वा पार्ती. क्रियापद एकच, 'वाटणे'. होकारात स्वार्थ, नकारात सब्जंक्टिव्ह. शंका-खात्रीच्या नियमाने ही जोडी पाठ करावी लागते. या विचाराने ती आपोआप उलगडते.

एका रूपाची पाच मराठी वस्त्रे

आमच्या मुलांची आणखी एक चूक अशी, की ती या रूपाला एकच मराठी प्रतिशब्द शोधतात. 'आला असावा' हा शब्दप्रयोग सापडला की सर्वत्र तोच ठेवतात, आणि मग 'तू आली असावीस याचा आनंद झाला' असले विचित्र मराठी जन्मास येते. फ्रेंचमध्ये एक रूप जे काम करते, ते मराठी निरनिराळ्या तऱ्हांनी करते. मुख्य तऱ्हा पाच :

(१) शंका. झ दूत कील ए रस्यू ला लॅत्र. 'त्याला चिठ्ठी मिळाली असेल की नाही याची मला शंका आहे.' येथे मराठीचे 'असेल', 'असावी'.

(२) भावना. झ स्वी कोंतां क त्यू स्वा वन्यू. 'तू आल्याचा मला आनंद झाला आहे.' येथे 'आल्याचा'.

(३) गरज किंवा मुदत. ईल फो क वू ज़ेये फिनी आवां मिदी. 'दुपारी बारापूर्वी तुमचे काम संपलेले असले पाहिजे.' येथे 'असले पाहिजे'.

(४) कबुली देऊन पुढे जाणे. ब्यॅं कील ए प्ल्यू. 'पाऊस पडला असला तरी.' येथे 'असला तरी'.

(५) अनेकांतून एक निवडणे. से ल प्ल्यू बो लीव्र क झे ल्यू. 'मी वाचलेल्या पुस्तकांतले हे सर्वांत सुंदर.' येथे 'वाचलेल्या'.

तिसऱ्या वाक्याकडे पुन्हा पाहावे. बारा अजून वाजलेले नाहीत, काम अजून संपलेले नाही. तरी रूप भूतकालीन. यावरून ध्यानात येईल की या रूपाच्या नावातला 'भूत' हा घड्याळातला भूतकाळ नव्हे. तो पूर्णतेचा वाचक आहे. ज्या क्षणाविषयी बोलतो त्याच्या आधी क्रिया पुरी झालेली असणे, मग तो क्षण कालचा असो की उद्याचा. क्रिया पुरी व्हावयाची असेल किंवा चालू असेल तर वर्तमान सब्जंक्टिव्ह येतो. 'झ स्वी कोंतां क त्यू व्ह्यॅन' म्हणजे तू येत आहेस किंवा येणार आहेस याचा आनंद; 'क त्यू स्वा वन्यू' म्हणजे आल्याचा आनंद. भूतकालीन रूपाचे सार दोन शब्दांत सांगावयाचे तर : झालेले, पण मनात धरलेले.

घरच्या भाषेतील साक्ष

आमच्या घरची बोली दखनी उर्दू आणि शाळेची भाषा मराठी. म्हणून आणखी एक साक्षीदार हाताशी होता. 'मुमकिन है वह आया हो' हे उर्दू वाक्य घ्यावे. 'हो' हे असण्याचे संभावना दाखविणारे रूप आणि 'आया' हे धातुसाधित. स्त्रीलिंगात 'आई हो', अनेकवचनात 'आए हों'. बांधणी फ्रेंचची, जुळणी फ्रेंचची. भीतीच्या वाक्यात तर नवलच आहे. 'डर है कि कहीं गाड़ी न छूट गई हो' असे उर्दू बोलणारा म्हणतो. यातला 'न' नकाराचा नाही, कारण भीती गाडी चुकल्याचीच आहे. मराठीतही 'त्याची गाडी चुकली नसेल ना, अशी भीती वाटते' असे आपण म्हणतो. फ्रेंचमध्ये काळजीपूर्वक लिहिणारा असाच एक रिकामा 'न' घालतो : झे पर् कील ने मांके ल त्रॅं. पाठ्यपुस्तकातून हा 'न' समजावताना घाम फुटतो. चारमिनारच्या गल्लीत वाढलेल्या मुलास तो आधीच येत असतो, फक्त कोणी त्याला तसे सांगितलेले नसते.

साक्ष संस्कृताचीही आहे. 'आगतः स्यात्' म्हणजे 'आला असावा'. यातला 'स्यात्', लॅटिनमधला 'सित्' (त्याचे जुने रूप 'सिएत्') आणि त्यावरून आलेला फ्रेंच 'स्वा' हे एकाच मूळ कुळातले आहेत. 'वनीर' आणि 'गम्' हे धातूही एकाच मूळचे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे जे नाते बोलून दाखविले, त्याची प्रचीती अशा एखाद्या तीन शब्दांच्या वाक्यात येते. लॅटिन भाषेचे स्वतःचे एकपदी भूतकालीन सब्जंक्टिव्ह रूप फ्रेंचमध्ये टिकले नाही. तिने साहाय्यक व धातुसाधित जोडून नवे रूप घडविले. आपल्या भाषांनीही तोच मार्ग धरला.

जेथे विचार थांबतो

एवढे सांगितल्यावर प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की भाषा म्हणजे गणित नव्हे. जाणणे, पाहणे, सांगणे, समजणे या क्रियापदांचे कामच बातमी पोहोचविणे असल्याने त्यांच्यामागे होकारात स्वार्थ येतो. फ्रेंच भाषा 'आशा करणे' या क्रियापदालाही होकारात त्यांच्याच पंक्तीस बसविते. ते पाठ केलेले बरे. 'शक्य आहे की' नंतर सब्जंक्टिव्ह, पण 'संभव दाट आहे की' नंतर स्वार्थ. 'आधी' या अर्थाच्या 'आवां क' नंतर सब्जंक्टिव्ह, कारण क्रिया घडावयाची असते. 'नंतर' या अर्थाच्या 'आप्रे क' नंतर व्याकरणकार स्वार्थच सांगतात, कारण क्रिया घडून चुकलेली असते. मजा अशी की खुद्द फ्रेंच माणसे बोलताना तेथेही सर्रास सब्जंक्टिव्ह लावतात.

सब्जंक्टिव्हची आणखी दोन रूपे जुन्या साहित्यात आढळतात. बोलण्यातून ती गेली आहेत. त्यांच्या जागा आज वर्तमान आणि भूतकालीन या दोन रूपांनी घेतल्या आहेत. २६ फेब्रुवारी १९०१ रोजी फ्रान्सचे शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांनी एक आदेश काढून, परीक्षेत कोणकोणत्या गोष्टी चूक धरू नयेत याची यादीच दिली होती. काही वाक्यांत जुन्या रूपाऐवजी वर्तमान सब्जंक्टिव्ह लिहिल्यास तो चालवून घ्यावा, हे त्या यादीत होते. मुलांचे गुण कापण्यापूर्वी परीक्षकाने थांबून विचार करावा, हे एका राष्ट्राच्या शिक्षणमंत्र्यास लिहून द्यावे लागले. आम्हास तो आदेश वाचताना आमची स्वतःची लाल रेघ आठवली.

सरावासाठी

पुढील वाक्यांतील ठळक क्रियेला स्वार्थ लागेल की भूतकालीन सब्जंक्टिव्ह, ते घरी मुलांसमवेत बसून ठरवावे.

(१) ती निघून गेली असे मला वाटते.
(२) ती निघून गेल्याचे मला वाईट वाटते.
(३) त्याने खूप अभ्यास केला असला तरी तो घाबरला आहे.
(४) त्याने अभ्यास केला हे मला ठाऊक आहे.
(५) संध्याकाळपर्यंत तुम्ही पोहोचलेले असले पाहिजे.

उत्तरे : पहिल्या व चौथ्या वाक्यात स्वार्थ, दुसऱ्या, तिसऱ्या व पाचव्या वाक्यात सब्जंक्टिव्ह. दुसऱ्या व पाचव्या वाक्यांतील क्रियापदे 'एत्र' घेणारी आहेत, म्हणून तेथे लिंगवचनाची जुळणी विसरू नये.

कबुली

पुढच्या रविवारी आम्ही वर्गात फळ्यावर जुना नियम लिहिला आणि सर्वांदेखत तो पुसला. त्या मुलीचे उत्तर फ्रेंच म्हणून चूक होते, परंतु आमच्या नियमाप्रमाणे ते बिनचूक होते. चूक नियमाची होती आणि नियम आमचा होता, असे सांगितले. पारितोषिक दिले गेले होते. ज्या मुलाला मिळाले त्याने ते कष्टानेच मिळविले होते, त्याच्याकडून परत घेण्याचा प्रश्न नव्हता. दोन गुण आम्ही वहीत परत लिहिले. त्याने तिला काही मिळाले नाही. मात्र त्या दिवसापासून वर्गात एक बदल झाला : मुले 'असे का?' हे विचारू लागली, आणि 'पाठ करा' हे उत्तर देण्यापूर्वी आम्ही घरी जाऊन एकदा पाहून येऊ लागलो. ती मुलगी पुढे शिकून नोकरीस लागली. फ्रेंच तिने सोडले नाही एवढे आम्हास ठाऊक आहे.

नियम हे मुलांच्या सोयीसाठी असतात असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते शिक्षकाच्या सोयीचे असतात. सुटसुटीत नियमाने आपला वेळ वाचतो. त्याची किंमत एखादे विचार करणारे मूल भरते. ज्या घरांत मुलांचा अभ्यास घेतला जातो, त्या घरांतील वडीलमंडळींनीही हे ध्यानात ठेवावे, एवढीच विनंती.

आता निरोप घेताना या पाठाचे एक शेवटचे उदाहरण. पन्नास वर्षे ट्रस्टने काय काय केले त्याची बातमी या स्मरणिकेच्या इतर पानांवर आहेच. ती आम्ही पुन्हा सांगत नाही. ते सारे मनात धरून आम्हास जे वाटते तेवढेच सांगतो. त्यास भूतकालीन सब्जंक्टिव्हच हवा : नू सॉम कोंतां क वू ज़ेये फे तां द ब्यॅं. आपण इतके भले केल्याचा आम्हास आनंद आहे.